उसने नाव
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह व काटकसर यांविषयी पुष्कळ विचार मांडले जातात. आज आम्ही आपले लक्ष काहीशा रुक्ष विषयाकडे वेधणार आहोत. गेल्या दिवाळीच्या सुमारास बदलापूरचे आपले एक ज्ञातिबंधू आमच्या घरी आले. त्यांचा एक सिंधी स्नेही २०१६ साली पाकिस्तानातून सहकुटुंब येऊन उल्हासनगरात राहिला आहे. त्याचे लहानसे दुकान चालते, भाडे एकदाही थकलेले नाही. तथापि घरासाठी कर्ज मागावयास गेला की प्रत्येक ठिकाणी नकार मिळतो. तेव्हा त्याने आपल्या या बंधूंना विनविले की, घर व कर्ज दोन्ही तुमच्या नावावर घ्या, हप्ते मी भरीन. बंधूंनी आम्हांस विचारले, "मास्तर, सही करू का?"

आम्ही "नको" असे उत्तर दिले. मनुष्य सचोटीचा आहे हे ठाऊक असूनही दिले. त्या उत्तराची कारणे सर्वांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या दारी येणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांपाशी तारण ठेवण्याजोगे काय होते? काहीही नव्हते. पण त्यांच्या पाठीशी प्रत्यक्ष सरकार उभे राहिले. धंद्यासाठी कर्ज देण्याकरिता १९४८ साली पुनर्वसन वित्त प्रशासन ही स्वतंत्र संस्था कायद्याने निर्माण झाली. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांच्या नागरिकत्वाचा मार्ग ठरवून दिला. पुढे १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने, मागे टाकून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यापोटी निर्वासितांना येथील मालमत्ता देण्याची व्यवस्था झाली. हा क्रम ध्यानात घ्यावा. नागरिकत्वाचा प्रश्न आधी मिटला, घराचा कागद मागाहून झाला.

आज येणाऱ्याची स्थिती निराळी आहे. तो परक्या देशाचा नागरिक असून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतो. त्याला घर घेताच येत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा होय. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना, असा व्हिसा असल्यास, स्वतः राहण्यासाठी एक घर व स्वतःच्या उद्योगासाठी एक जागा विकत घेता येते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये तसे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील अटी मात्र कडक आहेत. पैसा कोठून आला याचे प्रतिज्ञापन जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडे द्यावे लागते. खरेदीखतात आपले राष्ट्रीयत्व व व्हिसाचा उल्लेख करावा लागतो. प्रतिबंधित क्षेत्रात वा छावणी क्षेत्रात, किंवा त्यांच्या आसपास, जागा घेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की, भारताचे नागरिकत्व मिळेपर्यंत ते घर अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही.

या शेवटच्या अटीतच कर्जाची मेख आहे. गहाण म्हणजे काय? हप्ते थकले तर घर विकून पैसे वसूल करण्याचा सावकाराचा हक्क. जे घर मालकाला स्वतःलाही सहज विकता येत नाही, त्याच्या तारणावर वीस वर्षांचे कर्ज देण्यास बँक कचरते. शिवाय व्हिसा काही वर्षांचा, त्याचे नूतनीकरण सरकारच्या इच्छेवर. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळल्याचा खुलासा सरकारने केला हे खरे; परंतु ज्याच्या वास्तव्याला खुलाशाची गरज लागते, त्याच्या पायाखालची जमीन किती भक्कम, हे कर्ज देणारा पाहतोच. कायद्याने घर घेण्याची मुभा दिली आहे. कर्ज देण्याची सक्ती कोणावर केलेली नाही. त्यात उल्हासनगरच्या कित्येक इमारतींचे कागद अपुरे. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली विधिमंडळाला या एका शहरापुरता कायदा करावा लागला. तेव्हा कर्ज मागणाराही कच्चा आणि घराचा कागदही कच्चा, असा दुहेरी पेच पडतो.

मग नाव उसने देऊन मार्ग का काढू नये? तर बेनामी व्यवहाराला आपल्या कायद्यात जागा नाही म्हणून. १९८८ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन त्याला धार आली. मालमत्ता सरकारजमा होते. गुन्हा ठरल्यास एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देणारा आणि नाव देणारा, दोघेही त्यात सापडतात. पत्नीच्या वा मुलांच्या नावे, ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या घराला यातून सूट आहे. मित्राला ती नाही.

कायद्याचा धाक बाजूला ठेवू. आमच्या अनुभवातील एक गोष्ट आज प्रथमच चारचौघांत सांगतो. आम्ही उल्हासनगरात शिक्षक होतो. आमच्या वर्गातील एका हुशार मुलाच्या वडिलांनी, स्वतःचे कागद पुरे नसल्याने, दोन खोल्या एका नातलगाच्या नावावर घेतल्या. "खोल्या खऱ्या यांच्याच" असे साध्या कागदावर लिहिले गेले आणि त्यावर साक्षीदार म्हणून आम्ही सही केली. मास्तरांची सही म्हणजे भरवसा, असे त्या घराला वाटले. सहा वर्षांनी तो नातलग वारला. त्याच्या मुलांनी खरेदीखत पुढे केले आणि खोल्या मागितल्या. आम्ही सांगावयास गेलो. त्यांनी चहा दिला, आणि आमचा कागद वाचून परत केला. ते कुटुंब भाड्याच्या जागेत गेले आणि मुलाने नववीतच शाळा सोडली. यात कोणी लबाड नव्हता. मरणारा प्रामाणिक होता, पैसे देणारा प्रामाणिक होता, आणि सही करणारे आम्हीही. केवळ कागद खोटा होता. त्या सहीची बोच आजतागायत गेलेली नाही.

आपणांपैकी कोणी म्हणेल, हा परक्यांचा प्रश्न आहे. तसे नाही. आपले वडीलधारे अंबरनाथच्या आयुध कारखान्यात नोकरीस आले, तेव्हा तेही गाव सोडूनच आले होते. आम्ही स्वतः बदलापूरचे घर घेतले ते शिक्षकांच्या पतपेढीच्या कर्जावर, दोन सहकाऱ्यांच्या जामिनावर. जामीन उघड असतो. उसने नाव झाकलेले असते. दोहोंतील भेद हाच.

आणि आज आपली मुले परदेशी गेली आहेत. तेथे ती नेमकी त्या सिंधी गृहस्थाच्या जागी उभी आहेत. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरील मनुष्याची नोकरी सुटली, तर दुसरी शोधण्यास साठ दिवसांपर्यंतच मुदत मिळते, आणि घराचे कर्ज बहुधा तीस वर्षांचे असते. कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्यांना तेथील संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या हमीची कर्जे २५ मे २०२५ पासून बंद झाली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या रहिवाशांना जुनी घरे घेण्यास मनाई जाहीर केली. कॅनडाने २०२३ च्या आरंभापासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातली. काम करण्याचा परवाना किमान १८३ दिवस शिल्लक असणाऱ्यांना अटींवर मोकळीक ठेवली. परक्या देशात कोणी आपल्या मुलाला "माझे नाव वापर" असे म्हणाले, तर आपण पत्रातून काय सल्ला देऊ? तोच येथेही द्यावा. तसेच, मुलाच्या परदेशी घरासाठी बदलापूरचे राहते घर गहाण टाकण्याचा बेत कोणी करीत असेल, तर आधी थांबावे. परदेशी मालमत्ता घेण्याकरिता पाठवावयाच्या पैशासाठी बँकांनी येथे कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

आता करावे काय? आम्हांस तीन गोष्टी सुचतात. प्रथम, शेजाऱ्याला नाव देऊ नका, वेळ द्या. त्याच्याबरोबर कचेरीत जा, अर्ज वाचून दाखवा, कागदांची यादी करून द्या. दुसरे, परवान्याची मुदत आणि कर्जाची मुदत शेजारी शेजारी लिहून पाहावी. अंतर मोठे असेल तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. तिसरे, नागरिकत्वाचा अर्ज आधी, घर मागाहून. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने अकरा वर्षांच्या रहिवासाची अट पाच वर्षांवर आणली. नंतर आलेल्यांना अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष धरून एकंदर बारा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

आमच्याकडे आलेल्या बंधूंनी सही केली नाही. त्यांचा स्नेही आठ दिवस बोलला नाही. नंतर एका रविवारी दोघेही आमच्याकडे आले आणि आम्ही तिघांनी मिळून त्याचे कागद तारखेवार लावले. बारा वर्षे २०२८ साली पुरी होतात. तोपर्यंत तो भाड्यानेच राहणार, आणि घरासाठी दरमहा स्वतःच्या नावावर रक्कम टाकणार. कर्ज त्याला आजही मिळालेले नाही. परंतु जे घर होईल ते त्याचे होईल, आणि त्याच्या मुलांना ते कोणी मागावयास येणार नाही.