आधी काळोख, मग उजेड

"मला चित्र येत नाही," असं गटात बऱ्याचजणी म्हणतात. भीती असते कोऱ्या कागदाची. मग कागद कोरा ठेवूच नका! जाड, खरखरीत कागदावर चित्रकलेच्या कोळशाची कांडी आडवी फिरवा. फडक्याने हलकेच पुसून सगळा कागद करडा करा. भुकटी फुंकू नका, नाकात जाते. समोर तांब्या आणि दोन कांदे मांडा. उजेड एकाच खिडकीतून येऊ द्या. डोळे किलकिले करून पाहा. जिथे उजेड पडलाय, तिथला कोळसा खोडरबराने काढा. गडद सावलीत आणखी कोळसा भरा. चुकलं तर फडकं फिरवा, कागद पुन्हा करडा. रोज घासतो तो तांब्या आपण नीट पाहिलेलाच नसतो. हात नंतर वळतो. आधी नजर शिकते.