अंगणातले शिसे

भामरागडपासून राजुऱ्यापर्यंत आता ट्रॅक्टर आले, सौर दिवे आले. त्यांच्याबरोबर शिशाच्या बॅटऱ्याही आल्या. निकामी बॅटरी अंगणात फोडली, की शिसे मातीत मिसळते. ते कुजत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. रांगते मूल मातीचा हात तोंडात घालते. गिळलेले शिसे मोठ्यांपेक्षा त्याच्या अंगात चौपट-पाचपट मुरते. अन्नात लोह-चुना कमी असेल तर अधिकच. रक्त घटते, बुद्धी मंदावते. म्हणून गुरुजी, एखाद्या पोराला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी त्याच्या घरी बॅटऱ्या फोडतात का, एवढे विचारा. फोडत असतील तर रक्त तपासायला धाडा. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घ्यावी, असा नियम २००१ सालीच झाला. तेव्हा ती फोडू नका, परत द्या. आणि जेवणापूर्वी लेकरांचे हात धुवा.