दुसरी नाडी

अध्यक्ष महाराज, आणि वीज गेली तरी खुर्ची न सोडलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मध्यमवयीन स्त्रियांचं हृदय : बदलती जोखीम’. कोलेस्टेरॉल म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. निम्म्या सभागृहाच्या पर्समध्ये त्याच्या गोळ्या असतील. मी खिशातून ही शिंप्याची टेप काढतो. (हशा) हसा. माझं सगळं व्याख्यान एवढंच आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 1968-69 मध्ये 38 ते 60 वयाच्या 1462 बायकांची तपासणी झाली. पुढची बारा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हृदयविकाराच्या झटक्याची खूण वजनापेक्षा जास्त कुठे सापडली? कंबर भागिले नितंब, या साध्या गणितात. हे 1984 साली छापून आलं. आणि आपण अजून भिशीत विचारतो, “किती किलो गं?”

पुढे 2004-05 मध्ये तिथल्याच नव्या पिढीच्या, 38 आणि 50 वर्षांच्या बायका तपासल्या. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्या साधारण 15 टक्क्यांवरून 40 वर गेलेल्या. रक्तदाब उतरलेला, कोलेस्टेरॉल उतरलेलं. उंचीच्या मानाने वजन जवळपास तेवढंच. कंबर मात्र सुटलेली! आणि मनावर ताण आहे म्हणणाऱ्याही वाढलेल्या. (मागून : “नोकऱ्या करतात ना!”) कमावत्या बायका वाढल्या, खरंय. पण काका, संध्याकाळी घरी कुकर कोण लावतं? (टाळ्या) माझ्यावर चिडू नका, मी नुसतं विचारलं.

आता आपल्याकडे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातली चरबी दाखवून दिली, ते तुम्ही वाचलेलं आहेच. पाळी जाताना चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, तेही ठाऊक आहे. मला बोलायचंय परकराबद्दल.

पुरुषाचं पोट सुटलं की पँटचं बटण बोंब मारतं. परकर बिचारा सोशिक. नाडी सैल करायची, झालं. माझी आई पन्नाशीत होती तेव्हा माझा नवा दवाखाना होता. दर महिन्याला तिला काट्यावर उभी करायचो. 58 किलो. पुढच्या महिन्यात 58. मी खूश! हातपाय वाळत चाललेत, हे मला दिसलं नाही. गच्चीवरच्या दोरीवर तिचे परकर वाळत असायचे; एकेका नाडीला तिने वेगळ्या रंगाचा तुकडा जोडलेला. मी रोज त्यांच्याखालून वाकून जायचो. एका रात्री तिचा जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम फुटला. “पित्त असेल” म्हणत ती आल्याचा रस घेऊन पहाटेपर्यंत बसून राहिली, कारण मी झोपलो होतो. वाचली. पण मी मनगटावरची नाडी बघत राहिलो आणि दुसरी डोक्यावर लोंबत होती.

(घंटा) पाच मिनिटं? बरं, दोन. मग आकडेच सांगतो. आपल्या बायकांसाठी कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी. गुणोत्तर 0.85 च्या खाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया गुणोत्तराच्या या रेषेवर किंवा पलीकडे निघाल्या. आहाराचं टिपण आणलं होतं, ते राहू द्या.

चिठ्ठी आलीय : “माप साडीवरून घ्यावं का?” नाही, ताई. घरी, अंगाला टेप लावून. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही.

दुसरी चिठ्ठी : “पुरुषांची मर्यादा किती, आणि वक्त्यांचं माप?” मर्यादा 90. माझं 94. अध्यक्ष महाराज, घंटा वाजवा.