दुर्गम प्रदेशांची वाट

(समितीच्या साहाय्यार्थ भरलेल्या सभेंत एका वकील सभासदानें केलेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां समितीच्या जमाखर्चावर बोलावें असें कित्येक मित्रांनीं सुचविलें. परंतु जमाखर्च अहवालांत छापलेला आहे, आणि आपण सारे हिशेबाच्या कामीं आमच्याहून वाकबगार आहां. तेव्हां त्याची वकिली करण्याचें कारण दिसत नाहीं. आम्ही निराळा विषय घेतों. आपल्या या विस्तीर्ण देशांत जे प्रदेश क्वचितच कोणा परस्थाच्या पायाखालीं येतात, तेथें जाऊन डोळ्यांनीं पाहणें हें दुष्काळनिवारणाचें पहिलें काम होय, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे. धान्य, पैसा व औषध हीं सारीं त्याच्या मागून येणारीं आहेत.

आपल्या देशाचें क्षेत्रफळ सुमारें ३३ लाख चौरस किलोमीटर आहे. या सभेंत काशी-रामेश्वर केलेले पुष्कळ गृहस्थ आहेत. पेढीच्या कामानिमित्त दिल्ली-कोलकात्यास वारंवार जाणारेहि आहेत. परंतु हा सारा प्रवास झाला तरी लोहमार्गाच्या व राजरस्त्यांच्या दोहों बाजूंस जेथवर नजर पोंचते तेवढ्याच पट्ट्याचा. त्या पट्ट्याच्या पलीकडे इंद्रावतीच्या काठचें अरण्य आहे, अबुजमाडचे डोंगर आहेत, मिझो लोकांच्या टेकड्या आहेत, अरुणाचलाचें पूर्वेकडील टोंक आहे. अशा प्रदेशांतील बांबू, मोहफुलें, डिंक व तेंदूचीं पानें आपल्या बाजारांत येतात. आपलें मीठ व कापड तिकडे जातें. माल जातो आणि येतो. माणूस मात्र जात नाहीं. आणि जेथें माणूस जात नाहीं, तेथील उपासमारीची वार्ता मालाबरोबर येत नसते.

हें केवळ तर्कानें बोलत नाहीं; इतिहासाचा पुरावा आहे. १८६५ सालीं ओडिशांत पाऊस लौकर संपला व भाताचें पीक बुडालें. त्या प्रांतास त्या काळीं लोहमार्ग नव्हता, बारमाही रस्ताहि नव्हता. एका अंगास निबिड जंगल आणि दुसऱ्या अंगास पावसाळ्यांत जहाजांना बंद होणारा किनारा. तांदूळ बाहेरून आणावा कीं काय, असा प्रश्न निघाला तेव्हां कलकत्त्याच्या महसूल मंडळानें तो मार्ग नाकारला. बाजारभाव चढला म्हणजे व्यापारी आपण होऊन माल नेतील, असा त्यांचा भरंवसा होता. व्यापारी बंधूंनो, आपणच सांगा, जेथें गाडीची वाट नाहीं व गलबत लागत नाहीं, तेथें भाव दसपट चढला तरी माल न्यावा कसा? सरकारचे डोळे उघडून तांदळाचीं जहाजें निघेपर्यंत पावसाळा लागला. माल किनाऱ्याशीं येऊनहि उतरवितां येईना व उतरला तो आंत जाईना. १८६६ सालच्या या दुष्काळांत, ज्यास तिकडे ‘ना-अंक’ दुर्भिक्ष म्हणतात, सुमारें १० लाख माणसें मेलीं. म्हणजे त्या प्रांताच्या लोकवस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. देशांत तांदूळ नव्हता असें नव्हे. खरी हकीकत वेळेवर कोणीं पाहिली नव्हती, आणि जेव्हां पाहिली तेव्हां वाट बंद झाली होती.

या अनर्थाला उत्तर काय, हें आपल्याच प्रांतांतील वडीलधाऱ्यांनीं दहा वर्षांनीं करून दाखविलें. १८७६ सालीं दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें केवळ ठराव पास करून भागविलें नाहीं. सभेनें आपले प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविले. पीक काय, पाणी किती उरलें, दुष्काळी कामांवर मजुरी काय मिळते, गुरांचे हाल काय आहेत, याचे वृत्तांत मागवून ते सरकारास वरचेवर सादर केले. गणेश वासुदेव जोशी हे त्या सभेचे प्राण. न्यायमूर्ति रानड्यांचें मार्गदर्शन तिला होतें. पाहून आलेल्या माणसाची तपशीलवार साक्ष हेंच सभेचें बळ. आम्ही वकील आहों. ऐकीव पुराव्याची किंमत न्यायालयांत काय होते हें आम्हांस ठाऊक आहे. दुष्काळाच्या कामींहि प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदारच खटला उभा करतो.

साक्षीदाराचें न ऐकल्यास काय होतें, याचें दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. मिझो टेकड्यांत बांबूची एक जात आहे, ती सुमारें ४८ वर्षांनीं एकदांच फुलते. ती फुलली कीं तिचीं फळें खाऊन उंदरांची अतोनात पैदास होते. फळें सरलीं म्हणजे तेच उंदीर उभ्या भातावर तुटून पडतात. या आपत्तीस मिझो लोक ‘माउताम’ म्हणतात. १९११ चा माउताम वृद्धांच्या स्मरणांत होता. म्हणून १९५८ च्या ऑक्टोबरांत मिझो जिल्हा परिषदेनें ठराव करून आसाम सरकाराकडे आगाऊ तजविजीसाठीं १५ लाख रुपये मागितले. बांबूच्या फुलोऱ्यावरून दुष्काळाचें भाकीत करणें शास्त्रीय नाहीं, असें म्हणून ती मागणी नामंजूर झाली. पुढल्याच वर्षीं बांबू फुलला, उंदीर माजले व भात गेलें. लोकांनीं आपली ‘दुष्काळ आघाडी’ काढली व तांदळाचीं ओझीं पाठीवर घेऊन डोंगरांतल्या गांवोगांव पोंचविलीं. तीच आघाडी १९६१ सालीं लालडेंगा यांच्या नेतृत्वाखालीं राजकीय पक्ष झाली. १९६६ सालीं बंड झालें. आणि १९८६ च्या जूनमध्यें करार होईपर्यंत वीस वर्षें त्या टेकड्यांनीं अशांतता भोगली. बंडास कारणें अनेक असतात, हें आम्ही जाणतों. पण वृद्धांच्या अनुभवास भाकडकथा मानलें गेलें, हा सल त्यांत होता, हें कोणीहि नाकारणार नाहीं. १९८७ सालीं मिझोराम स्वतंत्र राज्य झालें. २००७ सालीं बांबू पुन्हां फुलण्याचा काल जवळ आला तेव्हां तयारी पुष्कळ आधींपासून होती. उंदीर मारून त्याची शेपटी आणून देणाऱ्यास बक्षीसहि ठेविलें होतें. हाल तेव्हांहि झाले. तरी ठाऊक असलेलें संकट आणि न मानलेलें संकट यांत किती अंतर असतें, तें या दोन सालांवरून दिसतें.

तिसरें उदाहरण ओडिशांतील कालाहंडी जिल्ह्याचें. तेथील उपासमारीविषयीं किशन पटनायक यांनीं १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें, आणि न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलें. पुढें पत्रकार पी. साईनाथ यांनीं देशांतील अतिदरिद्री जिल्ह्यांत सुमारें एक लाख किलोमीटर प्रवास केला. त्यांतील पांच हजार किलोमीटर ते पायीं चालले. त्यांचें पुस्तक १९९६ सालीं निघालें. कालाहंडींत धान्य कमी पिकतें म्हणून माणसें उपाशीं राहतात, ही आपणां शहरवासीयांची समजूत त्या पुस्तकानें खोटी ठरविली. तेथें धान्य पिकत होतें, बाहेरहि जात होतें. तें विकत घेण्याची ऐपत मात्र पिकविणाराच्या हातीं नव्हती. ही गोष्ट नकाशावरून कळली नसती, आणि सरकारी तक्त्यांवरूनहि नाहीं.

आतां कोणी म्हणेल, तो काळ गेला. हल्लीं कायदा आहे, रेशन आहे. खरें आहे. २००१ सालीं सरकारी कोठारांत कोट्यवधि टन धान्य पडून असतां माणसें उपाशीं कां, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, व त्यांतून मोठे हुकूम निघाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें देशांतील सुमारें दोन-तृतीयांश लोकांस धान्याचा हक्क दिला. त्या कायद्याचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. पण वकिलाच्या नजरेनें कलम वाचलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. धान्य रास्त भावाच्या दुकानाच्या दारापर्यंत पोंचविण्याचें कर्तव्य राज्यावर आहे. दुकानापासून चुलीपर्यंतची वाट ज्याची त्यानें चालावयाची आहे. आपल्या नगरांत ती वाट शंभर पावलांची असते. दुर्गम प्रदेशांत तीच वाट एक डोंगर, दोन नाले आणि एक दिवसाची मजुरी एवढी होते.

अशा वाटा कोठें आहेत तें सांगतों. अरुणाचलांतील विजयनगर या ठाण्यास मियाओपासूनचा मार्ग १५७ किलोमीटरांचा आहे. तो नामदफाच्या अरण्यांतून जातो. कित्येक वर्षें तेथील रहिवाशांस तो दिवसचे दिवस चालून काटावा लागे व बराच शिधा विमानानें येई. ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यांत बलिमेला धरणाच्या पाण्यानें सुमारें दीडशें गांवें बाकीच्या मुलुखापासून तुटलीं. जुलै २०१८ मध्यें गुरुप्रिया पूल खुला होईपर्यंत नाव हाच त्यांचा रस्ता होता. येथें दुर्गमता निसर्गानें दिलेली नव्हती. इतरांस वीज मिळावी म्हणून ती त्यांच्या वाट्यास आली. आपल्याच राज्यांत भामरागड पाहा. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे पूल पाण्याखालीं जाऊन तालुक्याचें ठिकाण बाहेरच्या जगापासून तुटावें, असें वर्षानुवर्षें होत आलें. त्याच भागांत हेमलकसा येथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथेंच आयुष्य घातलें. अशा भागांत पावसाळ्यापूर्वीं चार महिन्यांचें धान्य आगाऊ पोंचविण्याची सरकारी रीतहि आहे, व ती फार शहाणपणाची आहे. मात्र धान्य दुकानांत पोंचलें व तेथून नाल्यापलीकडच्या पाड्यांत गेलें कीं नाहीं, हें जूनमध्यें जो जाईल त्यालाच दिसेल.

म्हणून तेथें जावें. पण कसें जावें, याचाहि विचार हवा. आम्ही अशा प्रवासांत जे चार नियम पाळतों ते सांगतों. एक, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं जावें. साऱ्या पाड्यांचीं माणसें त्या दिवशीं एका जागीं भेटतात. दोन, तेथील भाषा जाणणारा, शक्य तर तेथलाच, माणूस बरोबर असावा. आपण विचारलेल्या प्रश्नाचें आपणांस हवें तेंच उत्तर मिळणें ही अशा प्रवासांतली मोठी फसगत आहे. तीन, जुने कपडे वाटीत सुटूं नये. वांटणाऱ्याभोंवतीं गर्दी जमते, पण जी म्हातारी घराबाहेर येऊं शकत नाहीं ती दृष्टीस पडत नाहीं. चार, मिठाचा भाव विचारावा. हा नियम व्यापारी बंधूंस लगेच पटेल. मीठ गरिबांतल्या गरिबासहि विकत घ्यावें लागतें. आपल्या पेठेंतला मिठाचा भाव व त्या पाड्यांतला भाव यांतला फरक म्हणजेच त्या पाड्याचें खरें अंतर. दुर्गमता कोसांनीं मोजूं नका, मिठानें मोजा. त्याच दिवशीं मोहफुलांस त्या माणसाला काय भाव मिळाला तोहि लिहून आणा. या दोन आंकड्यांत त्या घराची सारी हकीकत येते.

आतां मागणें. देणगीदारांस वाटतें कीं आपल्या रुपयाचें धान्यच व्हावें. वाहतूक, प्रवास व मजुरी यांस तो लागला तर वायां गेला. ही समजूत सोडून द्यावी, अशी आमची हात जोडून विनंति आहे. कोठारांत धान्य आहे, कायद्यानें त्यावर हक्कहि आहे. कमी आहे ती शेवटच्या चार कोसांची वाहणावळ. पाठीवर पोतें घेऊन नाला ओलांडणाऱ्या माणसाची मजुरी देणें, नावेचें भाडें भरणें, पावसाळ्याच्या आधीं एकदां व नंतर एकदां दोन जाणत्या माणसांस पाहून येण्यास पाठविणें, हा खर्च थोडा आहे व त्याचें फळ मोठें आहे. ज्यांच्या जमिनी अशा मुलुखाच्या वेशीवर आहेत त्यांनीं चार महिन्यांसाठीं एखादी कोरडी खोली द्यावी. व्यापारी बंधूंनीं एक परतीचा मालट्रक रिकामा न आणतां समितीस कळवावें; आणि शक्य तर एक काटा व वजनें द्यावीं, कारण जेथें कोणी पाहत नाहीं तेथें माप हलकें होतें.

आणि पैशाहून थोडें जड असें आणखी एक मागणें आहे. या सभेंतील निदान दोन-चार गृहस्थांनीं वर्षांतून एकदां स्वतः यावें. वाटेंत सुख नाहीं. पाय दुखतात, मुक्कामाला शाळेची ओसरी मिळाली तर भाग्य. पण आपण पेढीवर बसून ज्या मुलुखाचा माल तोलतां, त्या मुलुखांतल्या माणसांस आपलें नांव ठाऊक व्हावें व आपणांस त्यांचें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पुढें केव्हां तरी एखादा म्हातारा येऊन सांगेल कीं यंदा बांबू फुलणार आहे. त्या दिवशीं त्याचें म्हणणें ऐकून घेणारा, त्याला ओळखणारा माणूस आपल्यांत असावा, एवढ्याचसाठीं हा खटाटोप.

देणगी, धान्य किंवा गाडी यांबरोबरच प्रवासास येऊं इच्छिणारांचीं नांवेंहि चिटणीसांकडे आजच नोंदवावीं, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.