परिमेय की अपरिमेय?



आज मी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. एखादी संख्या परिमेय की अपरिमेय, हे ओळखायचे कसे? दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात जी मांडता येते ती परिमेय. जी मांडता येत नाही ती अपरिमेय. व्याख्या सोपी आहे. अडचण आहे ती 'येत नाही' या शब्दांत. 'मला आले नाही' आणि 'कोणालाही येणे शक्य नाही' या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आपल्या नेरच्या शिवारातले एखादे चौरस शेत घ्या. धुरा ४०८ हात असेल, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत किती? बौधायनाच्या शुल्बसूत्रातील रीत अशी : बाजूत तिचा तृतीयांश मिळवा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवा, आणि या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर येते ५७७ हात. प्रत्यक्षातला फरक हाताच्या हजाराव्या भागाहूनही कमी! कोणती दोरी हा फरक दाखवील? पण गुणाकार दाखवितो. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. एकाचा फरक उरलाच.

मग दुसरे अंक घेतले तर तो जाईल का? नाही, आणि याचे कारण आठवीतल्या मुलालाही समजेल. समजा, बाजू व कर्ण यांना पूर्णांकांत मांडले आणि दोहोंतला सामाईक भाग काढून टाकला. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून कर्ण सम. समसंख्येच्या वर्गाला चाराने भाग जातो; म्हणून बाजूच्या वर्गाला दोनाने भाग जातो, म्हणजे बाजूही सम. दोन्ही सम, तर दोन हा सामाईक भाग राहिलाच कसा? म्हणजे मुळातले गृहीतच खोटे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दशांश काढा, अंकांची आवृत्ती झाली तर परिमेय, नाही तर अपरिमेय. नियम खराच आहे. पण १/९७ चे दशांश काढून पाहा. ९६ अंक होईपर्यंत आवृत्ती सुरू होत नाही. खिशातले यंत्र दहा-बारा अंक दाखवून थांबते. त्यावर विसंबणारा या साध्या अपूर्णांकालाही अपरिमेय ठरवील.

आपल्या महाराष्ट्राशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या भास्कराचार्यांनी बीजगणितात अशा मुळांना 'करणी' म्हटले आणि त्यांची बेरीज-वजाबाकी शिकविली. २ आणि ८ यांच्या करणींची बेरीज १८ ची करणी. मूळ नेमके सुटत नाही म्हणून त्यांनी ते टाकून दिले नाही. तसेच ठेवून त्याच्याशी व्यवहार केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. लीलावतीत परिघासाठी २२/७ हे स्थूल आणि ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान दिले आहे. आज आपली मुले मात्र पाय म्हणजेच २२/७ असे पाठ करतात. पाय अपरिमेय आहे हे लँबर्टने १७६१ साली सिद्ध केले, आणि ०.५७७२... या ऑयलरच्या स्थिरांकाचा निकाल तर अजून लागलेला नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच : मुलांना उत्तर विचारा, पण 'कशावरून?' हेही विचारा. मोजमापाने काम भागते; खात्री मात्र सिद्धतेनेच होते. ज्या मुलाला हा भेद कळला, त्याला उद्या कोणीही केवळ आकडे दाखवून फसवू शकणार नाही.