मेदकचं कॅथेड्रल आणि आपला बहात्तरचा दुष्काळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाची सहल हैदराबादला न्यायची असं ठरतंय. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम ही यादी झालीच आहे. त्या यादीत मेदक हे एक नाव वाढवावं, एवढं सांगायला मी उभा आहे. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत आपण संगारेड्डीला पोचलो की तिथून उत्तरेला मेदकचा रस्ता आहे. टेकडीवर जुना किल्ला, जवळ पोचारमचा तलाव आणि गावात एक भलं मोठं चर्च. तलाव आणि किल्ला मुलांना आवडेल. चर्च मात्र मोठ्यांनी नीट बघावं.

मेदक आपल्याला परकं नाही बरं का. १९४८ पर्यंत तिथे आणि इथे एकाच निजामाचं राज्य होतं. पुढेही १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत मेदक आणि आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात ते आपल्याच राज्यातलं गाव.

आधी शब्दाचा अर्थ. प्रत्येक चर्च म्हणजे कॅथेड्रल नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, ते कॅथेड्रल. मेदकचं कॅथेड्रल बांधलंय गॉथिक पद्धतीनं. ही पद्धत मूळची बाराव्या शतकातल्या फ्रान्सची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली. मुंबईचं सीएसटी स्टेशन, हायकोर्ट, राजाबाई टॉवर आपण पाहिलेत, ती सगळी याच घराण्यातली.

ही पद्धत ओळखायची खूण म्हणजे टोकदार कमान. ती नुसती शोभेची नसते. गोल कमानीवर वजन पडलं की ती बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. टोकदार कमान तेच वजन अधिक सरळ खाली उतरवते. उरलेला रेटा बाहेरून दिलेले टेकू घेतात. त्यामुळे भिंती जाड ठेवाव्या लागत नाहीत, छत उंच नेता येतं आणि खिडक्या मोठ्या काढता येतात. आपल्या तेरच्या त्रिविक्रम मंदिराची विटांची कमानदार पाठ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना छताचं ओझं कुठे न्यायचं हा प्रश्न किती जुना आहे ते पटेल.

आता इमारतीकडे वळू. चार्ल्स वॉकर पॉसनेट नावाचे मेथडिस्ट मिशनरी मेदकला काम करत होते. आराखडा टॉमस एडवर्ड हार्डिंग या इंग्रज वास्तुविशारदाचा. १९१४ मध्ये काम सुरू झालं आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च खुलं झालं. लांबी दोनशे फूट, रुंदी शंभर फूट, मनोरा सुमारे पावणेदोनशे फूट. आत करड्या दगडाचे प्रचंड खांब आहेत आणि रंगीत फरशी आहे. फ्रँक सॅलिसबरी यांनी केलेल्या तीन मोठ्या रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. पहिली १९२७ ची, दुसरी १९४७ ची, तिसरी १९५८ ची. म्हणजे उद्घाटनानंतर चौतीस वर्षं काम चालूच होतं! आपल्या कंपाऊंड वॉलला आपण उगाच नावं ठेवतो. या खिडक्या बघायच्या तर दिवसाउजेडी आत उभं राहून बघा. बाहेरून काच काळीच दिसते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पहिल्या महायुद्धाच्या त्या वर्षांत मेदकच्या भागात दुष्काळ होता. माणसं उपाशी होती. पॉसनेटनी त्यांना नुसतं अन्न वाटलं नाही, चर्चच्या बांधकामावर काम दिलं आणि कामाच्या बदल्यात धान्य. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, ते झाकायचं कारण नाही. त्यावर कुणी वाद घातला तर जरूर घालावा. ही रीत काही एकट्या मिशनची नव्हती. लखनौचा बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात नवाबानं लोकांना काम मिळावं म्हणून उभारला. जोधपूरचा उमेदभवन राजवाडाही दुष्काळी कामातूनच झाला.

आणि आपण? इथे बसलेल्या सत्तरीच्या मंडळींना बहात्तर साल सांगावं लागत नाही. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून गेली आणि गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, घमेल्यानं माती वाहायची, बांध घालायचे. खायला सुकडी आणि मिलोची लाल भाकर. यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. आज आपण गावाकडे जाताना जो रस्ता वापरतो, ज्या पाझर तलावावर गुरं पाणी पितात, त्यातले कितीतरी त्या हातांचे आहेत.

मेदकला मनोरा उभा राहिला म्हणून लोक तिकडे बघायला जातात. आपल्या पाझर तलावाकडे कुणी बघत नाही, कारण तो मातीत मिसळून गेला. माझ्या मते तलावाची योग्यता कमी नाही, काकणभर जास्तच आहे. पण एका गोष्टीत दोन्हीकडे सारखंच झालं. मेदकला पॉसनेटचं नाव राहिलं, हार्डिंगचं राहिलं, सॅलिसबरीचं राहिलं. दगड वाहणाऱ्यांची नावं लोकांच्या तोंडी नाहीत. आपल्याकडे मस्टरवर अंगठे उठले, तलावावर एकही नाव लागलं नाही. आपल्या बिल्डिंगच्या कोनशिलेवर तरी कोण आहे? बिल्डर आणि पाहुणे. गवंडी नाही, सेंट्रिंगवाले नाहीत, विटा वाहणाऱ्या बाया नाहीत.

म्हणून एक विनंती. बहात्तरला जे पंधरा-वीस वर्षांचे होते, ते आज आजी-आजोबा आहेत आणि दरवर्षी त्यांची संख्या कमी होतेय. आपल्या प्रत्येक विंगमध्ये असं एखादं तरी माणूस आहेच. मुलांनो, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. कुठल्या कामावर होता, किती कोस चालत जायचा, मुकादम कसा होता, मजुरी काय मिळायची, शेजारी घमेलं उचलणारं कोण होतं, हे विचारा आणि नावांसकट वहीत उतरवा. वही सोसायटीच्या ऑफिसात ठेवू. चार पानं भरली तरी चालतील.

मग मेदकला जाऊ. मान वर करून मनोरा बघू. आणि मुलं जेव्हा विचारतील, “हे कुणी बांधलं?”, तेव्हा पाटीवरच्या नावांपाशी थांबायचं नाही, एवढं आपण सगळ्यांनी ठरवून जाऊ.