पुराची खूण गावाने जपावी



२६ जुलै २००५ म्हटले की जलमय झालेली मुंबई डोळ्यांसमोर येते. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आपल्याला पाठ आहे. पण त्याच दिवशी बदलापूर-कल्याण पट्ट्यात उल्हासकाठच्या शेतांवर काय ओढवले, हे सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत.

जुलै हा आपल्याकडे भातलावणीचा महिना. नुकत्याच लावलेल्या रोपांनी मूळही धरलेले नसते. अशा वेळी पूर आला की बांध फुटतात, खाचरे गाळाने भरतात, रोपे वाहून जातात. पुन्हा पेरावे, तर रोप लावणीजोगे व्हायला तीन-चार आठवडे लागतात. पाणी एका दिवसात ओसरते. शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते.

म्हणूनच गावकरी पूर विसरत नाहीत. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागले, कोणत्या ओढ्याने उलटे फिरले, घाटातला पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली तर काय होते, हे त्यांना शाळेत कोणी शिकविलेले नाही. या आठवणी म्हणजे त्या भूमीचा नकाशाच होय.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल यांच्या बरोबरीने आसपासचे ग्रामस्थही मदतीला धावले होते.

आज त्याच नदीकाठी खाचरे बुजवून इमारती उभ्या राहत आहेत. शासन पंचवीस वर्षांतील पुराची निळी आणि शंभर वर्षांतील पुराची लाल रेषा आखते. पण घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांपैकी किती जण ती पाहतात?

माझी विनंती साधी आहे. पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याजवळ तासभर बसा. तो सांगेल ते लिहून घ्या. २००५ आणि २०१९ ची पाणीपातळी शाळेच्या वा देवळाच्या भिंतीवर, ग्रामस्थांच्या संमतीने, तारखेसह रंगवा. ती माणसे गेल्यावर पुराची आठवण करून द्यायला केवळ पूरच उरेल; आणि त्याची किंमत आपल्या मुलांना मोजावी लागेल.